म्युनिक ते लेक कोमो स्टेल्विओमार्गे: रात्रीचा मुक्काम कुठे ठोकायचा?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. पुण्याहून पाच जण येतायत, नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि नवऱ्याचे आई-बाबा. बाबा ६८चे, बीपीची गोळी चालू, आई पूर्ण शाकाहारी. जूनच्या शेवटी म्युनिकला गाडी भाड्याने घ्यायची, स्टेल्विओ पास (इटलीच्या आल्प्समधला उंच घाट) चढायचा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत लेक कोमोवर वारेन्नाला पोचायचं. मधे एकच रात्र. त्यांनी तीन पर्याय काढलेत: रेशन तलावाच्या काठी, स्टेल्विओच्या अगदी माथ्यावरचं हॉटेल, नाहीतर पास उतरून पलीकडे बॉर्मिओ. यातलं कुठलं?

माझं उत्तर, तिन्ही नको, घाटाच्या अलीकडे पायथ्याजवळ ग्लुर्न्स नावाचं छोटं गाव आहे, तिथे रहा. आता का ते सविस्तर सांगतो, कारण नुसतं गावाचं नाव घेऊन उपयोग नाही, उद्या तिथे खोली मिळाली नाही तर परत अडकाल.

मी म्युनिकजवळ राहतो, भारतातून येणाऱ्या फॅमिलींच्या गाडीच्या ट्रिपा आखून देणं हेच माझं काम आहे आणि हा रस्ता स्वतः किती वेळा चालवला ते आता मोजत नाही. पण पहिल्या वेळी मी पण तीच चूक केली होती जी सगळे करतात, ती म्हणजे "घाट पहिल्याच दिवशी उरकून टाकू, मग दुसरा दिवस निवांत". आपली सवयच आहे ना ती, अवघड काम आधी उरकायचं. तर आम्ही सकाळी दहाला म्युनिक सोडलं, शनिवार होता, वाटेत ऑस्ट्रियातल्या फर्नपास घाटात दीड तास अडकलो, जेवायला थांबलो, रेशनला फोटो काढले, आणि घाटाच्या पायथ्याला प्राडला पोचलो तेव्हा पावणेचार वाजले होते. पुढे एक कॅम्परव्हॅन, तिच्या पुढे दोन सायकलवाले, मागे सात-आठ बुलेटसारखा आवाज करणाऱ्या मोटारसायकली. मागच्या सीटवर भाच्याला गाडी लागली, त्याने माझ्या सासूबाईंच्या शालीवर सगळं बाहेर काढलं. वर पोचलो तर ढग खाली उतरलेले, पंधरा फुटांवरचं दिसेना. ज्या वळणांचे फोटो बघून इतक्या लांब आलो ती वळणं आम्ही चढलो खरी, पण बघितली नाहीत. बॉर्मिओला रात्री आठला पोचलो आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

तेव्हापासून मी मुक्काम ठरवताना आधी एकच गोष्ट ठरवतो: दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी कुठे असायला हवा? रात्र काय, अंधारात सगळी गावं सारखीच. डोंगरात बघण्यासारखं जे काही असतं ते सकाळी असतं.

स्टेल्विओच्या बाबतीत तर हे जास्तच खरं आहे, त्याचं कारण भूगोलात आहे. पासची जी प्रसिद्ध बाजू, ४८ वळणांची, ती प्राड-ट्राफोईकडची, म्हणजे पूर्व-ईशान्येकडे तोंड केलेली. सकाळी ऊन थेट त्या वळणांच्या भिंतीवर पडतं आणि समोर ऑर्टलर शिखर, ३९०५ मीटर, बर्फासकट लख्ख दिसतं. दुपारनंतर सूर्य पासच्या मागे सरकतो, या बाजूला सावली यायला लागते, वर उन्हाळ्यात दुपारी डोंगरउतार तापले की ढग जमतात आणि तीन-चारच्या सुमाराला गडगडाट सुरू होतो. गर्दीचंही तसंच, साधारण दहानंतर मोटारसायकली, स्पोर्ट्स कार, बस, सायकली सगळे एकदम रस्त्यावर येतात. सकाळी साडेसातला हाच रस्ता जवळजवळ रिकामा असतो. म्हणजे मुक्काम घाटाच्या अलीकडे, पायथ्याला, पूर्वेच्या बाजूला. हे एकदा पटलं की बॉर्मिओ आपोआप बाद होतं. बॉर्मिओ वाईट नाही हां, गाव छान आहे, गरम पाण्याची कुंडं आहेत, पण ते उलट्या दिशेने, म्हणजे कोमोकडून म्युनिकला येणाऱ्यांनी विचारात घ्यावं, आणि त्यांनीसुद्धा ४८ वळणं सकाळी उतरताना बघावीत म्हणून.

माथ्यावरच्या हॉटेलचं. मला कळतं मोह का होतो ते, सकाळी खिडकी उघडली की खाली वळणंच वळणं, आणि तुम्ही दोघंच असता तर मी म्हटलं असतं जा, एकदा करा. पण पास आहे २७५७ मीटरवर. आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे कळसूबाईच्या वर आणखी अकराशे मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७२ टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन त्याच हिशोबाने कमी. तासभर थांबायला बहुतेकांना काही होत नाही, जरा दम लागतो, चाल मंदावते. झोपणं मात्र वेगळं प्रकरण आहे. अडीच हजार मीटरच्या वर त्याच दिवशी खालून थेट येऊन झोपलं की डोकं दुखणं, मळमळ, दर तासाला जाग येणं हे धडधाकट माणसालाही होतं. एकदा मी एका कुटुंबाबरोबर वर राहिलो होतो, त्यांच्यातले आजोबा, वय सत्तरच्या आसपास, रात्री दोन वाजता जिन्यात बसलेले सापडले, म्हणाले आडवं झालं की श्वास पुरत नाही. मी आणि ते पहाटेपर्यंत बसून होतो, थर्मासमधला चहा पीत, कारण त्या अंधारात त्या वळणांवरून खाली जाणं हा दुसरा धोका. सकाळी खाली उतरल्यावर तासाभरात ठणठणीत. म्हणून माझा नियम, वयस्कर माणूस, लहान मूल किंवा बीपी-हार्टवालं कोणी बरोबर असेल तर झोपायचं पंधराशे मीटरच्या खाली, आणि वर जायचं ते दिवसा, तासाभरासाठी. तुमच्या बाबांच्या डॉक्टरांनाही निघण्यापूर्वी पासची उंची सांगून विचारून घ्या, "युरोपला चाललोय" एवढंच सांगू नका.

रेशन तलाव. इथे थांबायचं नक्की, राहायचं नाही. पाण्यातून वर आलेला चर्चचा मनोरा तुम्ही फोटोत बघितला असेलच, चौदाव्या शतकातला आहे. १९५०मध्ये वीजप्रकल्पासाठी तलावाची पातळी वाढवली तेव्हा ग्राउन नावाचं अख्खं गाव पाण्याखाली गेलं, १६३ घरं, चर्च पण पाडलं, मनोरा तेवढा ठेवला. पुणेकरांना हे समजावून सांगायला लागत नाही, उजनीच्या पाण्यातलं पळसनाथाचं देऊळ ज्यांनी बघितलंय त्यांना तो मनोरा बघून नुसतं "वा काय फोटो" असं होत नाही. माझी आई तिथे बराच वेळ काही न बोलता उभी होती, मग म्हणाली, शेतं पण गेली असतील की रे. तर, थांबा, अर्धा-पाऊण तास द्या. पण तलाव दीड हजार मीटरवर, खिंडीत, वारा असा की काईट-सर्फिंगवाले मुद्दाम तिथे येतात. जूनमध्येसुद्धा संध्याकाळी आई-बाबा बाहेर बसू शकणार नाहीत. आणि सकाळी प्राडला पोचायलाच अर्धा-पाऊण तास जातो, म्हणजे साडेसातला घाटात असायचं तर पावणेसातला निघायला हवं, नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन ते जमत नाही, मी करून बघितलंय.

आता ग्लुर्न्स. इटालियन नाव ग्लोरेन्झा, हा भाग साउथ टिरोल, पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा, नंतर इटलीचा, त्यामुळे प्रत्येक पाटीवर दोन नावं असतात आणि लोक घरात जर्मन बोलतात. जीपीएसमध्ये एक नाव टाकलं आणि पाटीवर दुसरं दिसलं तर घाबरू नका, प्राड म्हणजेच प्रातो, माल्स म्हणजेच माल्लेस. ग्लुर्न्सला चारी बाजूंनी दगडी तटबंदी आहे, पूर्ण, कुठेही तुटलेली नाही. १४९९च्या काल्वेनच्या लढाईत गाव लुटलं-जाळलं गेलं, त्यानंतर ही बांधली. तीन वेशी. वस्ती हजाराच्या आत. वेशीतून आत गेलात की दहा मिनिटांत दुसऱ्या वेशीतून बाहेर, तेवढंच गाव, आणि सगळं सपाट. हे सपाट फार महत्त्वाचं आहे. डोंगरातल्या बाकीच्या गावांत संध्याकाळी फिरायला जायचं म्हणजे एकतर चढ नाहीतर उतार, ज्येष्ठांचे गुडघे बोलायला लागतात. इथे आई-बाबा तटाच्या कडेकडेने एक चक्कर मारतात, चौकातल्या बाकावर बसतात, मुलगी जिलातो खाते, तुम्ही दोघं दहा मिनिटं एकमेकांशी बोलू शकता. गावाबाहेर लाल विटांची चौकोनी इमारत दिसेल, ती इटलीतली पहिली माल्ट व्हिस्की डिस्टिलरी, नाव पुनी, पुण्याशी काही संबंध नाही, नदीचं नाव आहे, पण पुणेकर तिथे पाटीसमोर फोटो काढल्याशिवाय पुढे जात नाहीत.

उंची ९०७ मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही खाली, झोप छान लागते. प्राड तिथून गाडीने दहा मिनिटं. आणि तिसरं कारण, जे मला सगळ्यात मोठं वाटतं आणि हॉटेलच्या फोटोत कधीच दिसत नाही: हे गाव नाक्यावर आहे. सकाळी उठलात आणि पास बंद असला तर? जूनच्या शेवटी पास साधारण उघडा असतो, मे अखेर-जूनच्या सुरुवातीला उघडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बर्फ पडला की बंद. पण त्या उंचीवर बर्फ कुठल्याही महिन्यात पडू शकतो, दरड येऊ शकते, सायकलची शर्यत असू शकते. ट्राफोईला राहिला असाल तर तुमच्यासमोर एकच रस्ता, वर, आणि तो बंद म्हणजे उलटं फिरा. ग्लुर्न्सहून मात्र थेट स्वित्झर्लंडकडे रस्ता जातो, म्युस्टेअर, मग ओफेनपास २१४९ मीटर, झेर्नेझ, सेंट मॉरिट्झ, मालोया, कियाव्हेन्ना आणि कोमो तलावाचं उत्तर टोक. हे सगळे वर्षभर चालू ठेवायचे रस्ते आहेत आणि हायवे नसल्यामुळे स्विस टोल स्टिकर म्हणजे विन्येट पण लागत नाही. खरं सांगायचं तर तोही रस्ता इतका सुंदर आहे की पास बंद झाल्याचं दुःख झेर्नेझपर्यंतच टिकतं. म्युस्टेअरला युनेस्कोच्या यादीतला मठ आहे, आत बाराशे वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं, वाटेतच आहे. फक्त एक, स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे तुमच्या सिमचं रोमिंग तिथे चालतं का ते बघा, नाहीतर आदल्या रात्री हॉटेलच्या वायफायवर ऑफलाइन मॅप उतरवून ठेवा.

तर मुक्काम निवडताना मी बघतो त्या गोष्टी ह्या: सकाळचं ऊन कुठल्या बाजूला, झोपायची उंची किती, संध्याकाळी पायी काय करता येतं, आणि बेत फिसकटला तर दुसरी वाट त्याच गावातून निघते का. व्ह्यू त्यानंतर. बुकिंग साइटवर "माउंटन व्ह्यू" खोलीला जास्त पैसे लावतात, आल्प्समध्ये टॉयलेटच्या खिडकीतूनही डोंगरच दिसतो, ते पैसे वाचवा.

ग्लुर्न्समध्ये खोली नाही मिळाली (गाव छोटं, खोल्या मोजक्या) तर प्राड घ्या. दिसायला साधं गाव आहे पण सपाट, बेकरी आहे, सुपरमार्केट आहे, आणि घाट दारातून सुरू होतो. नाहीतर माल्स किंवा श्लुडर्न्स. ट्राफोई १५४३ मीटरवर, ऑर्टलर अगदी डोक्यावर, जागा विलक्षण, पण मूठभर घरं, हॉटेलबाहेर जेवायला फारसं काही नाही, आणि वर सांगितली ती एकाच रस्त्याची अडचण. कपल असाल तर ट्राफोई, फॅमिली असेल तर खाली.

बुकिंगचं. अपार्टमेंट घेऊन खिचडी टाकायचा विचार असेल तर एका रात्रीसाठी सहसा देत नाहीत, तीन रात्री मागतात, वर शेवटच्या साफसफाईचे वेगळे पैसे. एका रात्रीसाठी गास्टहोफ किंवा गार्नी बघा, गास्टहोफ म्हणजे जेवणाची सोय असलेलं घरगुती हॉटेल, गार्नी म्हणजे फक्त नाश्ता देणारं छोटं हॉटेल. पाच जणांना दोन खोल्या लागतील, आई-बाबांची तळमजल्याची किंवा लिफ्ट असलेली मागा, जुन्या इमारतींत लिफ्ट नसते आणि दगडी जिने असे की मोठी बॅग घेऊन चढताना देव आठवतो. चर्चच्या शेजारची खोली टाळा, घंटा दर पंधरा मिनिटांनी होते, काही गावांत रात्रभर. रिसेप्शन छोट्या ठिकाणी संध्याकाळी बंद होतं, उशीर होणार असेल तर फोन करा, इंग्लिश चालतं. स्थानिक पर्यटन कर दर माणशी वेगळा द्यावा लागतो, बुकिंगच्या रकमेत बऱ्याचदा नसतो, तेव्हा काउंटरवर "हे कसले पैसे" म्हणून वाद नको. आणि हो, एक सुखद गोष्ट जी जर्मनी-ऑस्ट्रियात मिळत नाही: इटलीतल्या बाथरूममध्ये बिडे असतो. आई-बाबांना ही एक गोष्ट आधी सांगा, अर्धं टेन्शन तिथेच जातं.

जेवण. संध्याकाळचं किचन साडेआठ-नऊला बंद म्हणजे बंद, हात जोडलेत तरी उघडत नाहीत, आणि आठवड्यातून एक दिवस हॉटेलचं रेस्टॉरंट बंद असतं, त्याला रूहेटाग म्हणतात, बुकिंग करतानाच तुमचा वार विचारा. शाकाहारी आईसाठी हा भाग बाकीच्या आल्प्सपेक्षा फार बरा. श्लुट्झक्राप्फेन मागवा, राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या छोट्या करंज्या, आत पालक आणि रिकोटा, उकडून वर लोणी. माझ्या आत्याने पहिल्यांदा खाल्ल्यावर विचारलं, तळायला विसरले का रे हे. पालकाचे आणि चीजचे क्न्योडेल मिळतात, म्हणजे पावाचे गोळे, पण साध्या क्न्योडेलमध्ये श्पेक म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस असतं, आणि व्हेज दिसणारा गोळा सूपमध्ये आला तर ते सूपचं पाणी बहुतेक बीफचं असतं. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून थांबू नका, सूपमध्ये मांस उकळलंय का हे स्पष्ट विचारा. काहीच नाही जमलं तर पिझ्झा आहेच, इटली आहे शेवटी. घरून आणलेला छोटा राइस कुकर खोलीत लावू नका बुवा, एकदा एका मावशींनी फोडणीसकट लावला होता, स्मोक अलार्म वाजला आणि अख्खं हॉटेल रात्री नऊला रस्त्यावर. लोक हसले, पण मालकीणबाई हसल्या नाहीत.

आता पहिल्या दिवसाचा हिशोब. म्युनिक ते ग्लुर्न्स सुमारे अडीचशे किलोमीटर, रिकाम्या रस्त्यावर चार तास, थांबत थांबत सात. नऊच्या आत निघा आणि शनिवार टाळा, प्लीज टाळा. फर्नपास हा दुपदरी डोंगरी रस्ता, एका दिशेला एकच पदर, आणि अर्धा जर्मनी शनिवारी त्यावरून सुट्टीला जातो. गाडी तुंबली की जीपीएस गावातून पळवाट दाखवतं, पण सुट्टीच्या मोसमात वीकेंडला ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये बऱ्याच गावांतून अशा पळवाटांना बंदी असते, दंड होतो. ऑस्ट्रियाचा विन्येट सीमेअलीकडच्या पंपावर घ्या, इम्स्ट ते लांडेक हायवे आणि पुढच्या बोगद्यासाठी लागतो. रविवारी निघत असाल तर पाणी, दही, फळं आदल्या दिवशी घ्या, जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद. पेट्रोल नाउडर्सच्या अलीकडे ऑस्ट्रियातच भरा, इटलीत बहुतेक वेळा महाग. पाचपर्यंत ग्लुर्न्सला पोचायचं हे डोक्यात ठेवा, कारण चार तास उजेड हातात हवा, जूनमध्ये नऊपर्यंत दिसतं.

सकाळी. हॉटेलचा नाश्ता सातला किंवा साडेसातला सुरू होतो. आदल्या रात्री सांगितलं तर बरेच जण पॅकेट बांधून देतात, नाहीतर तुमचे ठेपले-दशम्या आहेतच. मी साडेसहाला चहा घेऊन पावणेसातला निघतो आणि नाश्ता वर करतो. फॅमिलीने सव्वासातला निघालं तरी चालेल. मुलीला गाडी लागत असेल तर गोळी निघण्याच्या आधी द्यायची असते, वळणं सुरू झाल्यावर नाही, पोट अगदी रिकामं नको आणि टच्च भरलेलंही नको, मोबाइल काढून घ्या. आलेपाकाची वडी ठेवा जवळ.

घाट सुरू होतो तिथे पास उघडा की बंद ते सांगणारा बोर्ड असतो, "ऑफेन" म्हणजे उघडा. प्राडपासून माथा पंचवीस किलोमीटर, चढाई जवळजवळ १८५० मीटरची. वळणांना नंबर आहेत आणि ते उलटे, खाली ४८ आणि माथ्याजवळ १, त्यामुळे मुलीला मोजायला बसवा, एक तास तरी "कधी येणार" विचारणार नाही. सुरुवातीला नदीकाठची झाडी, ट्राफोईपर्यंत साधा आंबोली घाट म्हणा, मग झाडं बुटकी होत होत संपतात आणि समोर ती भिंत उभी राहते, दगडी कठड्यांच्या पट्ट्या एकावर एक, वरच्या पट्टीवर मुंगीएवढी गाडी. हा रस्ता १८२० ते १८२५मध्ये कार्लो दोनेगानी नावाच्या इंजिनियरने ऑस्ट्रियाच्या साम्राज्यासाठी बांधला, घोडागाड्यांसाठी. वळणं आजही त्याच मापाची आहेत, हे चालवताना लगेच कळतं.

म्हणून गाडी कुठली घेता ते मुक्कामाइतकंच महत्त्वाचं. पाच जणांसाठी नऊ सीटर व्हॅन घेऊ नका, लांबडी स्टेशन वॅगन घ्या, बॅगा मावतात आणि वळण एका दमात होतं. जर्मनीत भाड्याची गाडी न सांगता मॅन्युअल येऊ शकते, उजव्या हाताने गियर टाकायची सवय नसेल तर ऑटोमॅटिक बुक करा. बुकिंग करतानाच इटली आणि स्वित्झर्लंडला गाडी नेणार हे सांगा, आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून आणा. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतो त्यामुळे उजवीकडची वळणं घट्ट असतात, तिथे समोरचं बघून थोडं बाहेरून घ्या, पहिला गियर, हॉर्न द्यायला लाजू नका. वर चढणाऱ्याला आधी वाट, हे आपल्याकडच्यासारखंच. बस दिसली की आधीच रुंद जागा बघून थांबा, तिला वळायला पूर्ण रस्ता लागतो. उतरताना आपल्या एसटीच्या ड्रायव्हरचा जुना नियम, ज्या गियरने चढलो त्याच गियरने उतरायचं. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड किंवा खालचा गियर. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर बॉर्मिओच्या आधीच जळका वास येतो, आणि तो वास मी दर उन्हाळ्यात कोणाच्या ना कोणाच्या गाडीतून येताना बघतो.

वर पोचलात की लगेच दुकानांच्या गर्दीत गाडी लावू नका. वर बाजारच आहे, टी-शर्ट, मॅग्नेट, सॉसेजच्या गाड्या, थोडा हिरमोड होतो. गाडी लावा, स्वेटर घाला (जूनमध्ये सकाळी पाच-सात डिग्री असतात), आणि तिबेट हट म्हणून एक गोल इमारत थोडी वर दिसते तिकडे सावकाश चला. सगळी वळणं एका नजरेत तिथूनच दिसतात. बाबांना तेवढा चढ नको वाटला तर कठड्याजवळूनही बरंच दिसतं, त्यांना एकटं सोडू नका फक्त. पाऊण तास पुरे. डोकं जड वाटायला लागलं तर थांबून बरं होईल याची वाट बघू नका, खाली उतरायला लागा.

बॉर्मिओकडचा उतार एकवीस किलोमीटरचा, काही बोगदे अरुंद आणि अंधारे, हेडलाइट लावा आणि गॉगल काढा, हे सांगायला लागतं म्हणून सांगतो. दहा-साडेदहाला तुम्ही बॉर्मिओत कॉफी पीत असाल आणि वरच्या दिशेने गाड्यांची रांग चढत असेल. गावाच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे, पाटीवर झेड-टी-एल दिसलं की आत शिरू नका, कॅमेरा असतो आणि दंड चार महिन्यांनी पुण्याच्या पत्त्यावर येतो.

पुढे वाल्तेल्लिना दरी. दुपारचं जेवण तिरानोपर्यंत ढकला, तिथे आईसाठी पित्झोक्केरी, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, कोबी, बटाटा आणि भरपूर चीज, आणि शात म्हणजे चीज भरलेली कुट्टूची भजी, अगदी भजीच. चतुर्थीच्या उपासाला चालेल का असं एका काकूंनी मला विचारलं होतं, मी म्हटलं पिठात गहू मिसळतात, त्यांनी सुस्कारा सोडला आणि उपास मोडला. ब्रेझाओला मात्र बीफ, ते टाळा. तिरानोला बर्निनाची लाल ट्रेन रस्त्यावरून ट्रामसारखी चर्चसमोरून जाते, तिची वेळ साधली तर मुलगी खूश.

तिथून कोलिको आणि तलावाच्या काठाने वारेन्ना, थांबत गेलात तरी साडेचार-पाच. वारेन्नाच्या गल्ल्यांत गाडी जात नाही, हॉटेल बुक करताना पार्किंग कुठे आणि तिथून बॅगा कोण उचलणार हे आधी विचारून घ्या, पायऱ्याच पायऱ्या आहेत.